खिळ्यावरचं हेल्मेट

६ नोव्हेंबर

जावईबापू,

तुमचं हेल्मेट अजून खिळ्यावर लटकतंय. सकाळी ऑफिसचं दार उघडलं की पहिलं तेच दिसतं आणि माझ्या चहाची चव जाते. रजा शुक्रवारी संपली. आज बुधवार. तुम्ही आहात कुठे?

नियम मीच केलेला आहे, त्यामुळे पुन्हा सांगायला मला लाज वाटत नाही. रजेवर जाणाऱ्याने आपलं हेल्मेट माझ्या टेबलामागच्या खिळ्यावर टांगायचं आणि परत आल्यावर ते माझ्या हातून घ्यायचं. एका कामाला एक खिळा. एक गवंडी गेला की तो येईपर्यंत बाकीच्या गवंड्यांनी गप्प बसायचं. क्रेनवाल्यांचाही खिळा एकच. तो तुम्ही अडवून बसलात, म्हणून दुसरा क्रेनवाला दोन्ही पाळ्या ओढतोय. त्याच्या पोरीचं बारसं त्याने फोटोत पाहिलं. माणूस मला काही बोलत नाही, नुसता खिळ्याकडे बघतो आणि जातो. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन करू नका. तुमचा तसाही बंदच असतो. आणि फोनवरची रजा मी रजा धरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मागे एक सुतार "अंथरुणातून उठवत नाही" म्हणून कण्हत होता आणि मागून मॅचची कॉमेंट्री ऐकू येत होती. तेव्हापासून कानाला खडा. काय ते कागदावर लिहा.

इथे सगळे मला नाहीसाहेब म्हणतात. म्हणू देत. इतकी वर्षं रजेचे अर्ज वाचून मी एकच शिकलो. खरं कारण एका ओळीत मावतं. खोट्याला तीन नातेवाईक आणि एक डॉक्टर लागतो. परवा तुमचाच सोबती, तो खाली उभा राहून हातवारे करणारा सिग्नलवाला, अर्ज घेऊन आला. आजी वारली. यंदाची तिसरी. मी म्हटलं, "बाबा, अजून किती शिल्लक आहेत ते एकदाच सांग, म्हणजे मला वर्षाचं नियोजन करता येईल." सगळं ऑफिस हसलं. तो मात्र हसला नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेला.

या महिन्याच्या चोवीस तारखेला मोठा स्लॅब आहे. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की थांबता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. दोन क्रेनवाले हवेतच. तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळवा.

तुमचा मेहुणा


१० नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. उशीर झाला, माफ करा. तुमच्या बहिणीची कंबर धरली आहे. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. माझ्या मावशीला बोलावलं होतं, पण तिच्या सुनेचे दिवस भरत आलेत. शेजारच्या काकू आल्या असत्या, पण त्यांचे दीर पडलेत. त्यामुळे घरचं मलाच बघावं लागतं. आणखी थोडी रजा वाढवून मिळावी ही विनंती.

हिला मुद्दाम फोन करून विचारू नका. तिला वाटेल मी तक्रार केली.

तिकडे वारा कसा आहे? संध्याकाळचा अजून सुटतो का? दुसऱ्या क्रेनवाल्याला सांगा, वारा असेल तर सळयांची मोळी उचलू नकोस, साहेब कितीही ओरडले तरी. आणि सिग्नलवाला बरा आहे ना? आजीचं खरंच असेल कदाचित. त्याला जाऊ द्यायला हवं होतं.

तुमचा,
क्रेनवाला


१२ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र तुमच्या सिमेंटच्या ट्रकवाल्याकडे देतेय. आमच्या नाक्यावर तो चहाला थांबतो. फोन केला असता, पण दोन खोल्यांचं घर, आणि हा सदानकदा माझ्या समोर बसलेला. बोलणार कुठून?

तुमची साइट उघडणार कधी ते एकदाचं सांग. सिमेंट आलं नाही म्हणून काम बंद आहे म्हणे. मग हा ट्रक भरून कुठे जातो? ट्रकवाल्याला विचारलं तर तो दात काढून हसला.

तुला म्हणून सांगते, मला हा माणूस घरात नको झालाय. पूर्वी रजेवर यायचा तेव्हा घर डोक्यावर घ्यायचा. आता भिंतीला टेकून बसतो. चालतो, बसतो, पुन्हा चालतो. चार हाका मारल्यावर एकदा "काय?" म्हणतो. स्वयंपाकघरातला दिवा गेलाय. म्हटलं, बदल. तर स्टूल धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, तू चढ. मी चढले, दुसरं काय करणार. माळ्यावरची बॅग काढायची तर शेजारच्यांच्या मुलाला बोलावून आणलं. एवढ्या उंचावर बसून लोखंड हलवणारा माणूस, त्याला घरातल्या स्टुलाचा कंटाळा. आळस माणसाला किती बिघडवतो बघ.

मी ठणठणीत आहे. तू कसा आहेस? ढेरी वाढली असेल. घरी कधी येणार ते विचारत नाही, तुझं उत्तर मला पाठ आहे.

तुझी,
चिमी


१५ नोव्हेंबर

जावईबापू,

माझी बहीण ठणठणीत आहे. तिने स्वतः लिहिलंय. तुमच्या पत्रात तीन नातेवाईक आणि एक डॉक्टर भेटले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण म्हटलं घरचा माणूस आहे. आणि तिला तुम्ही सांगितलंत साइट बंद आहे. इकडे एक थाप, तिकडे दुसरी. दोन थापांच्या मधोमध भिंतीला टेकून मजेत बसलात.

आता मी सांगतो कारण काय आहे ते. नदीपलीकडच्या नव्या साइटवर क्रेनवाले शोधताहेत, हे मलाही कळतं. तिथलं नक्की होईपर्यंत इथला खिळा अडवून ठेवायचा. बरोबर? जायचं तर उजळ माथ्याने जा. मी अडवणार नाही. पण मी तुम्हाला या कामावर चिकटवलं, आणि इंजिनियर साहेब रोज सगळ्यांसमोर विचारतात, "तुमचे जावई कुठेत?" मला मान खाली घालून कागद चाळावे लागतात.

चोवीसला सकाळी हेल्मेट घ्यायला आला नाहीत तर साहेब नाव कापणार. मी मध्ये पडणार नाही. नाव कापलेल्या क्रेनवाल्याला दुसरीकडे कोण घेतं ते तुम्ही बघाच.

चिमीला मी काही कळवत नाही. तुमची थाप तुम्हीच निस्तरा. आणि हो, स्लॅबच्या आठवड्यात माझाही फोन बंद असतो. त्याच आठवड्यात सगळ्यांच्या आज्या मरतात.

मेहुणा


१९ नोव्हेंबर

दादा,

नदीपलीकडचं मला काहीच माहीत नाही. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. चोवीसला येतो. नाव कापू नका.

हेल्मेटचा पट्टा सैल झाला असेल तर घट्ट करून ठेवा.

क्रेनवाला


२३ नोव्हेंबर

दादा,

तुझा फोन बंद. सकाळपासून लावतेय. ऑफिसचा कुणी उचलत नाही. हे पत्र ट्रकवाल्याच्या हातात कोंबतेय आणि त्याला सांगितलंय, गाडी रिकामी करण्याआधी हे दे.

तो आज पहाटे निघाला. त्याला वर चढू देऊ नकोस. आधी हे, मग बाकीचं.

तुझं पत्र मला त्याच्या उशीखाली सापडलं. मी भांडले. खूप बोलले. म्हटलं, मला खोटं सांगतोस, माझ्या कमरेचं निमित्त करतोस, लाज नाही वाटत? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बोलला. रजेवर यायच्या आदल्या दिवशी वारा होता. सळयांची मोळी वर उचलली आणि ती झोक्यासारखी फिरली. खाली सिग्नलवाला. तो जमिनीवर पालथा पडला, मोळी त्याच्या डोक्यावरून गेली आणि परत आली. लागलं कुणालाच नाही. सिग्नलवाला उठला, कपडे झटकले आणि चहाला गेला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दोघांचीही चौकशी झाली असती. पण ह्याचे हात क्रेनच्या दांड्यावरून निघेनात. म्हणाला, "एकेक बोट दुसऱ्या हाताने सोडवलं." खाली उतरायला त्याला इतका वेळ लागला की पुढच्या पाळीचा माणूस हाका मारायला लागला. हा म्हणाला, वर डबा खात होतो.

तेव्हापासून तो स्टुलावरसुद्धा चढत नाही. आणि मी त्याला आळशी म्हणत होते. तू त्याला पळपुटा ठरवलंस. भाऊ-बहीण आपण दोघंही शहाणे.

मी अडवलं तर म्हणाला, नाव कापलं तर खाणार काय, आणि दादाची मान माझ्यामुळे खाली जाते. पहाटे मला झोप लागली तेवढ्यात गेला. माझ्यावर राग काढ, पण त्याला वर जाऊ देऊ नकोस.

चिमी


२५ नोव्हेंबर

चिमे,

आधी हे वाच: तो खाली आहे, धडधाकट आहे, आणि हे पत्र तुला तोच आणून देईल. आता श्वास घे.

तुझं पत्र मला मिळालं तेव्हा मी त्याला हेल्मेट देऊन बसलो होतो. माझ्याच हाताने दिलं. सकाळी तो आला, दाढी केलेली, कपडे स्वच्छ. मी विचारलं, "कंबर कशी आहे?" ऑफिसातले हसले. तो म्हणाला, "बरी आहे." पट्टा हनुवटीखाली लावायला त्याला दोनदा हात वर करावा लागला, ते मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, आता घाम फुटला का? असा माझा उजेड.

काँक्रीटच्या गाड्या फाटकात उभ्या होत्या. ट्रकवाला आला आणि म्हणाला, "बहिणीने सांगितलंय, आधी हे वाचा." मी उभ्याउभ्याच वाचलं. दुसरी ओळ वाचून धावत सुटलो. मी धावतोय हे बघून लोकांना वाटलं कुठेतरी काहीतरी कोसळलं.

क्रेनच्या खांबाच्या आत शिडी असते, आणि मध्ये मध्ये टेकायला जाळीचे कट्टे. तो दुसऱ्या कट्ट्याच्या जरा वर होता. दोन्ही हातांनी शिडी कवटाळलेली, गाल लोखंडाला लावलेला. खाली सिग्नलवाला उभा होता. तो हाका मारत नव्हता, नुसता वर बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडलेला. इंजिनियर साहेब मात्र खालून ओरडत होते, "काय झालं? बिघाड आहे का?"

मी कधी त्या शिडीवर पाय ठेवला नव्हता, चिमे. माझं काम टेबलाचं. पण मी चढलो. धाप लागली, ढेरी गजांना घासत होती, आणि मला कळलं की उंची म्हणजे काय चीज असते. पहिल्या कट्ट्यावरच माझी पाचावर धारण बसली. त्याच्या बुटांपर्यंत पोचलो आणि म्हटलं, "जावईबापू, मी आलोय."

तो म्हणाला, "दादा, तुम्ही खाली जा. मी जातो वर. थोडा दम घेतोय."

"वर नाही जायचं."

"नाव कापतील."

"नाव कापायला आधी मी जिवंत खाली पोचायला हवा. मला एकट्याला उतरता येणार नाही. तुम्ही सोबत चला."

ते मी त्याला धीर द्यायला म्हटलं नाही. खरंच येत नव्हतं.  त्याने गाल लोखंडावरून उचलला आणि म्हणाला, "डावा पाय आधी टाका. खाली बघू नका, गजाकडे बघा." असं करत त्याने मला उतरवलं, आणि मला उतरवता उतरवता स्वतः उतरला. मी पडलो असतो तर जमिनीवर, तो पडला असता तर माझ्यावर, एवढीच माझी मदत.

दुसऱ्या क्रेनवाल्याला झोपेतून उठवलं. स्लॅब अर्धाच घेतला, उरलेला पुढे ढकलला. जग बुडालं नाही. साहेब मात्र भडकले. म्हणाले, "त्याचं नाव कापा."

मी म्हटलं, "तो रजेवर आहे."

"आज सकाळी परत आला ना?"

"मी वाढवून दिली."

"कारण?"

"कागद येतोय."

नाहीसाहेबाने कागदाशिवाय रजा दिली हे ऐकून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, तीन आठवड्यांत कागद टेबलावर हवा, नाहीतर नाव कापलं. तेव्हा त्याला लिहायला बसव. आणि घरातला दिवा गेला तर तूच चढत जा. निदान काही दिवस.

दादा


१ डिसेंबर

दादा,

सोबत अर्ज पाठवतोय. "पाठदुखीमुळे उंचावर काम करणे शक्य नाही, सबब रजा मिळावी." इथल्या डॉक्टरांचा कागदही मिळेल, ते ओळखीचे आहेत. पाठदुखीला कुणी हसत नाही.

तुम्ही शिडीवर आलात ते मी विसरणार नाही. पण ते आपल्यातच राहू द्या.

क्रेनवाला


४ डिसेंबर

जावईबापू,

अर्ज परत पाठवतोय.

मी फार सत्यवादी आहे असं नाही. साहेबांच्या टेबलावर मी याहून मोठ्या थापा सरकवल्या आहेत. पण जरा पुढचा विचार करा. पाठ बरी होते. महिन्याने, दोन महिन्यांनी साहेब विचारतील, "पाठ बरी झाली ना? मग चढा." तेव्हा काय सांगाल? पुन्हा माझ्या बहिणीची कंबर? खोट्या कारणाची रजा कधीतरी संपते, आणि संपली की तुम्ही पुन्हा त्याच शिडीवर. आणि त्या दिवशी ट्रकवाल्याला उशीर झाला तर?

खरं लिहिलंत तर मला खालचं काम मागता येईल. माल मोजून घ्यायचा, साखळ्या तपासायच्या, नव्या पोरांना मोळी कशी बांधायची ते दाखवायचं. डॉक्टरलाही खरं सांगता येईल, तो काही औषधपाणी करेल. नंतर पुन्हा वर जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नका जाऊ.

तुम्हाला वाटतं लोक हसतील. हसतील. इथे सगळ्यात जास्त हसणारा मीच होतो, आणि पहिल्या कट्ट्यावर माझं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तुमचा कागद साहेब आणि मी, तिसरा कुणी वाचणार नाही.

मी झोपत नाही हल्ली. डोळा लागला की पायाखालची जाळी दिसते. लवकर लिहा.

मेहुणा


८ डिसेंबर

दादा,

तीन कागद फाडले. ही म्हणाली, एवढं काय, लिहून टाक. तिला सोपं आहे, ती स्टुलावर चढते.

मा. रजाप्रमुख यांस,
मला वर जायची भीती वाटते. रजा मिळावी.

क्रेनवाला


११ डिसेंबर

जावईबापू,

मंजूर.

साहेबांनी कागद वाचला. मला वाटलं हसतील. त्यांनी तो उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, मग म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." सही केली. नव्या वर्षापासून तुम्ही खालच्या कामावर. तोपर्यंत घरी बसा, पण भिंतीला टेकून नव्हे, चिमीचं डोकं जातं. तुमचं हेल्मेट मी खणात ठेवलंय, म्हणून क्रेनवाल्यांचा खिळा सुटला आणि दुसरा क्रेनवाला पोरीला बघायला गेलाय. तीन पानी अर्ज आणला होता त्याने, मी न वाचताच सही केली. वरचं काम सध्या दुसऱ्या साइटवरून आणलेला माणूस बघतो.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. काल सिग्नलवाला आला. हातात कागद. चौथी आजी. तो टेबलासमोर उभा राहून खाली बघत होता आणि ऑफिसातले मी काय बोलतो म्हणून कान टवकारून बसले होते. मला एकदम तो दिवस आठवला, तुम्ही शिडीला धरून होतात आणि तो खालून वर बघत होता तो. आणि तुमच्या पहिल्या पत्रातलं "त्याला जाऊ द्यायला हवं होतं" हे वाक्य. मी ते वाचलं होतं. नुसतं वाचलं होतं.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. दार लावलं. त्याला बसायला सांगितलं, तो बसेना. म्हटलं, "आजीला राहू दे. बरी असेल ती. एक ओळ लिही. तुझं काय ते." कोरा कागद पुढे सरकवला. त्याने पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. चहा आला, तो गार झाला. मग कागद माझ्याकडे आला.

"मला वर बघायची भीती वाटते."

मोळी त्याच्या डोक्यावरून गेली होती, जावईबापू, तुमच्या नव्हे. आणि ती गेल्यापासून तो रोज तिथेच उभा राहतोय, रोज मान वर करतोय, आणि मी त्याच्या आज्या मोजतोय.

त्याला म्हटलं, मंजूर. तो हेल्मेट हातात घेऊन घुटमळत राहिला. सिग्नलवाल्यांच्या खिळ्यावर आधीच एक टांगलेलं होतं. नियमाप्रमाणे त्याने थांबायला हवं होतं. म्हणाला, "साहेब, खिळा रिकामा नाहीये."

आज सकाळी सुताराला बोलावलं आणि भिंतीत आणखी खिळे ठोकून घेतले.

तुमचा,
दादा